संयुक्त पणजोबा

मुलगी दाखवायचा कार्यक्रम बाबुराव पेडणेकरांनी गिरगावातल्या आपल्या खोलीत न ठेवता थेट संग्रहालयात ठेवला, त्याला कारण होतं. तिथे जुन्या मुंबईच्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं होतं आणि त्यात त्यांच्या आजोबांचा फोटो आहे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तोच फोटो त्यांच्या घरी भिंतीवर होता. व्याह्यांवर छाप पाडायला याहून चांगली जागा कुठली?

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चामुळे ट्राम बंद होत्या. कमलाबाई कांदळगावकर मुलाला, रामदासला, घेऊन लालबागहून चालतच आल्या. हस्तिदंती पंखे, चंदनाच्या कोरीव पेट्या बघत मंडळी पुढे सरकली. रामदास आणि बाबुरावांची मुलगी सरोजिनी मात्र एकाच पेटीपाशी बराच वेळ रेंगाळले. पेटी तशी लहानच होती.

अखेर फोटो आला. शिसवी खुर्चीत एक पागोटेवाले गृहस्थ ऐटीत बसले होते.

"हे आमच्या सरोजिनीचे पणजोबा," बाबुराव खाकरून म्हणाले.

कमलाबाईंनी चष्मा चढवला. "अगो बाय माझ्या! हे तर आमच्या रामाचे पणजोबा! आमच्या देवघराच्या वर टांगलेले आसत!"

"अहो, काहीतरीच काय! आम्ही पेडणेकर, तुम्ही कांदळगावकर."

"गाव बदललो की आडनाव बदलता. पणजो बदलता काय?"

आवाज चढले. पहारेकरी डोकावून गेला. तेवढ्यात सरोजिनी हळूच म्हणाली, "बाबा, दोघांचेही पणजोबा हेच असतील, तर आम्ही भाऊबहीण नाही का होणार?"

रामदासचा चेहरा उतरला.

बाबुरावांनी फोटोला नाक लावलं. "नीट बघितलं तर... हे नाक आमचं नव्हे. तुमचेच असतील."

"छे छे, कान बघा. तुमचेच ते. ठेवा तुम्ही."

"असं कसं? तुमच्या देवघरावर आहेत ना!"

"काका," रामदास काकुळतीला आला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, पण संयुक्त पणजोबा नकोत हो!"

गलका ऐकून संग्रहालयाचे अधिकारी आले. सगळं ऐकून ते हसत सुटले. त्यांनी शेजारचा फोटो दाखवला. तीच खुर्ची, तेच गृहस्थ, पण या खेपेस सराफाच्या वेषात. पुढच्या फोटोत तेच हातात पोथी धरून शास्त्री झालेले.

"फोटोग्राफरने कामाला ठेवलेला माणूस हा. वेष बदलून बसवायचा आणि 'मुंबईचे लोक' म्हणून फोटो विकायचे. तुमच्या वाडवडिलांनी हौसेने घेतला असेल."

"मग ह्यांचा नाव काय?" कमलाबाईंनी विचारलं.

"कोणालाच ठाऊक नाही."

बाबुरावांना आधी घाम फुटला, मग हसू. इतकी वर्षं हार घातले ते एका अनोळखी माणसाला! पण सोयरीक वाचली होती. तिथेच, त्या सराफासमोर, लग्न ठरलं. सरोजिनी पुन्हा एकदा चंदनाच्या पेट्यांकडे निघाली आणि रामदास तिच्यामागे.

"एक विनंती," अधिकारी म्हणाले. "आमची प्रत डागाळलीय. तुमच्या दोघांपैकी कोणी आपली प्रत संग्रहालयाला देईल का?"

"देऊ?" बाबुराव ताठ झाले. "आमच्या आजोबांना असं परक्याच्या हाती देऊ?"

"तुमच्या?" कमलाबाई कमरेवर हात ठेवून वळल्या. "आमच्या म्हणा!"

पेट्यांपासून रामदास धावत आला. त्याने अधिकाऱ्यांचा हात घट्ट धरला.

"साहेब, पाया पडतो. लग्न लागेपर्यंत हा विषय काढू नका."