पॅकबंद सारीपाट

"रविवारी सगळ्यांनी खाली या, मी चालवून दाखवते," एवढंच मी म्हटलं. हे वाक्य गिळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गिळणं माझ्या स्वभावात नाही. (अनंतचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं, म्हणूनच मला पित्त होत नाही, इतरांना होतं.)

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी एक खोली, आणि तिथे कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले चार जुने कॉम्प्युटर. ते जिवंत ठेवलेत मी. मी सातवी पास. मरोळच्या कारखान्यात पॅकिंगला होते. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. मुलाने भंगारात काढलेल्या मशीनशी भांडून भांडून शिकले.

तर सेक्रेटरी चंद्रप्रकाश दारात येऊन उभा.

"काकू, त्या खोलीत कोणी येतं का? सगळ्यांची पार्सलं ठेवायला जागा नाही. वॉचमनला खुर्चीवर पार्सल ठेवून स्वतः उभं राहावं लागतं. आपण तिथे पार्सल-रूम करतोय."

"कोणी ठरवलं?"

"रविवारी मीटिंगमध्ये ठरेल. हात वर करून."

"म्हाताऱ्यांनी मग कुठे बसायचं? पार्सलवर?"

"पण तिथे बसून करता काय तुम्ही? ते डबे चालतात तरी का?"

तेव्हा मी ते वाक्य बोलले. वर जोडलं, "चारही मशीनवर सारीपाट चालेल. मराठीत. बायका रोज खेळायला येतील."

"काकू, तुम्हाला झेपेल का?"

झेपेल का! मेल्या, तुझ्या मोबाइलचं रिचार्ज कोण करून देतं?

आता सारीपाटाचं सांगते. नॉर्वेतल्या एका शाळामास्तराने, काय सुचलं देव जाणे, आपला सारीपाट कॉम्प्युटरवर बसवलाय. फुकट. पण त्याचा तयार गेम नव्या मशीनसाठी. आमच्या जुन्यांवर उघडतसुद्धा नाही. सोर्स कोड मात्र त्याने सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. म्हणजे तो उतरवून आपल्या मशीनवर आपणच कंपाइल करायचा. मी मुलाला, सुबोधला, फोन लावला.

"आई, सोपं आहे. सोर्स कोड म्हणजे समज तुझी रेसिपी. कंपाइल म्हणजे आमटी शिजवायची, आणि पॅकेज म्हणजे—"

"डबा भरायचा. कळलं. मी स्वयंपाक करते म्हणून मला जगातलं सगळं फोडणीतूनच कळतं का रे?"

माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत आणणं म्हणजे कंपाइल. आणि तयार झालेला गेम, त्याची चित्रं, त्याचे आवाज एका फाइलमध्ये बांधले की तसल्या कुठल्याही मशीनवर टिचकी मारून बसवता येतात, ते पॅकेज. झालं. कुठे आली आमटी?

कामाला बसले. पहिल्यांदा कंपाइल केलं तर म्हणे अमुक लायब्ररी, म्हणजे आधाराला लागणारा आयता कोड, नाही. ती आणली, तर तिला तमुक हवी. तमुक आणली, तर म्हणे ही फारच नवी आहे. लग्नाच्या याद्या बऱ्या यापेक्षा! मग काम एकदाचं सुरू झालं, स्क्रीनवरून ओळी धावू लागल्या, मी तोंड धुवायला गेले. परत येते तो स्क्रीन काळा.

"अनंत!"

"बटण बंद केलं मी. उगाच जळत होतं. समोर कोणी नव्हतं ना!"

या माणसाने आयुष्यभर घरातली बटणं बंद करत फिरण्यापलीकडे काही केलेलं नाही. आम्ही लहानपणापासून एका चाळीतले, त्यामुळे त्याला 'अहो' म्हणायची मला सवय नाही. त्या दिवशी जे म्हटलं त्यापुढे अरे-तुरेसुद्धा फार सभ्य वाटलं असतं.

पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या मजकुराचं मराठी केलं. आवाजही मीच दिले. मूळ गेममध्ये सोंगटी मारली की पिपाणी वाजायची. लग्न आहे की खेळ? मी खणखणीत आवाजात 'शाब्बास!' आणि 'सोंगटी मेली!' असं रेकॉर्ड केलं, कंपाइल केलं आणि पॅकेज बांधून मोकळी झाले. रात्री ऐकते तर 'मेली'मध्ये अनंतची लुडबुड ऐकू येत होती. ते पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा कंपाइल केलं, खेळून पाहिलं. उत्तम.

सुबोध फोनवर म्हणाला, "पॅकेज परत बांधलंस ना?"

"ते कालच बांधलंय."

"अगं, पण आवाज आज बदललास—"

"सील झालेलं खोकं मी उघडत नाही. मरोळला इतकी वर्षं काम केलंय, माझ्या हातून कधी चुकीचा माल गेला नाही. मला पॅकिंग शिकवू नकोस!"

फोन आपटला. त्याच तोऱ्यात ते पॅकेज नॉर्वेच्या मास्तरालाही पाठवून दिलं. पाठवताना एका चौकटीत टिचकी मारायची असते: हे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं, माझी हरकत नाही. मारली. मन मोठं आहे माझं.

रविवारी सगळी सोसायटी खोलीत कोंबलेली. चारही मशीनवर पॅकेज टिचकीसरशी बसलं. चंद्रप्रकाशचा चेहरा पाहून मला बरं वाटलं. समोरच्या विंगमधली अनुपमा, जिच्यामागे सगळ्या बायका हात वर करतात, ती मानाने पहिली बसली. फासे पडले, पट मराठीत बोलू लागला. बायका म्हणाल्या, "अय्या!" मग कॉम्प्युटरने अनुपमाची सोंगटी मारली आणि स्पीकरमधून माझा आवाज कडाडला:

"अनंत! मध्ये बोलू नकोस! दिवेलागण असो नाहीतर ग्रहण, सोंगटी मेलीच म्हणणार मी! वास्तू तथास्तु म्हणते म्हणे! म्हणू दे! आधी त्या चंद्रप्रकाशची पार्सलं गायब होऊ देत! आणि त्या अनुपमाच्या हातात फासे दिले काय नि भेंड्या दिल्या काय, एकच!"

जुना आवाज बंद खोक्यातच राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून चुकीचा माल गेला, आणि गेला तोही गिऱ्हाइकाच्या तोंडावर.

"भेंड्या?" अनुपमा म्हणाली.

मी अनंतकडे पाहिलं. तो बटण शोधत होता. बंद करायला. नको तेव्हा बरोबर सापडतं!

"माणिकताई, भेंड्या का हो?"

"बोलले ते बोलले," मी म्हटलं. माफी मागायला मी काही खोटं बोलले नव्हते.

अनुपमाने पुन्हा फासे टाकले. सोंगटी मुद्दाम मरायला पुढे केली. पुन्हा माझा कडकडाट. या वेळी ती डोळे पुसत हसली. मग बाकीच्या तिन्ही मशीनवर झुंबड उडाली, आणि चारही स्पीकरमधून मी एकाच वेळी चंद्रप्रकाशची पार्सलं गायब करू लागले. मत घेतलं तेव्हा खोली ठेवायला सगळे हात वर. चंद्रप्रकाशचाही. तो म्हणाला, "काकू, पार्सलं मी जिन्याखाली ठेवीन. हे रोज ऐकायला मिळायला पाहिजे."

खोली वाचली. पण कशाने? माझ्या कंपाइलने नाही, माझ्या मराठीने नाही, माझ्या भांडणाने! दुसऱ्याच दिवशी मी नवं, शुद्ध पॅकेज बांधून नेलं. कोणी बसवू देईना. अनुपमा मशीनला पाठ लावून उभी राहिली.

मग नॉर्वेहून मेल आला. मास्तरांना शब्द कळले नव्हते, पण 'यात खेळाचा खरा प्राण आहे' म्हणून त्यांनी तो आवाज नव्या आवृत्तीत सगळ्याच भाषांना लावला होता. आता जगात कुठेही, कुठल्याही भाषेत सोंगटी मरो, ओरडते मीच. परत मागायची सोय नाही; टिचकी मारलेली. म्हटलं, निदान नाव तरी बघू. नामावलीत भाषांतराखाली बारीक अक्षरांत माणिक होतं. त्याच्या वर, ठळक अक्षरांत: 'आवाज – अनंत.'

बाई सुरुवातीलाच ठणकावून स्वतःचं नाव सांगतेय, असं वाटलं त्या शहाण्याला!

मी दुरुस्तीचा मेल लिहीपर्यंत अनुपमाने सत्कार ठरवलासुद्धा. "नामावलीत ज्याचं नाव, शाल त्याला," म्हणाली. (त्या भेंड्या मला भलत्याच महाग पडल्या.) त्याच खोलीत, सगळ्यांसमोर, अनंतला शाल आणि नारळ. मला टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत बसवलेलं. अनंत बोलायला उभा राहिला, घसा साफ केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला,

"माझ्या आवाजाचं सगळं श्रेय माझ्या बायकोचं. तिने मला तो कधी वापरूच दिला नाही, म्हणून इतका चांगला राहिला."