पाळण्याचा अंतिम दाखला

पाळण्याच्या डाव्या कडीतला स्क्रू दर चारशे झोक्यांमागे पाव फेरा ढिला होत होता. उजवा होत नव्हता. पाळण्यात बाळ नव्हतं. त्याला यायला अजून दोन महिने होते. पाळण्यात तोंड शिवलेल्या झबल्यात भरलेली तीन किलो चारशे ग्रॅम वाळू होती. होणारी आई सोफ्यावर पाय वर घेऊन झोके मोजत होती आणि तिचा नवरा स्क्रूवर पेन्सिलीनं खुणा करत होता.

"सोळाशे बारा," ती म्हणाली, आणि कडी निसटली. झबलं धप्पकन फरशीवर आलं.

"रडली नाही," नवरा म्हणाला.

"वाळू आहे ती."

"तरी नोंद केलेली बरी."

दोघंही लहान मुलांच्या वस्तू तपासणाऱ्या कार्यालयात नोकरीला होती. अशा वस्तूंवर हसऱ्या बाळाचं एक गोल हिरवं लेबल असतं, ते तिथूनच निघतं. कसं निघतं हे दोघांना पक्कं माहीत होतं, म्हणून घरात येणारी प्रत्येक वस्तू स्वतः तपासायची असं त्यांनी ठरवलं होतं. याच बनावटीचा पाळणा गेले पाच महिने नवऱ्याच्या टेबलावर अंतिम दाखल्यासाठी पडून होता. पाळणा म्हणजे त्याची फाइल. खुद्द पाळणा कार्यालयात आलाच नव्हता. तो जिन्याच्या वळणावर अडकत असे. तोवर तो तात्पुरत्या दाखल्यावर विकला जात होता. दाखल्याची मुदत दर महिन्याला संपे आणि दर महिन्याला नवरा ती वाढवून देई. शेरा लिही, 'विचाराधीन'. या शेऱ्यामुळे आजवर कुणाचीही चौकशी झालेली नव्हती.

घरच्या चाचण्यांसाठी वस्तू दुकानाच्या योजनेतून आल्या होत्या. होणाऱ्या आईबापांनी काय हवं त्याची यादी दुकानात नोंदवायची आणि नातेवाइकांनी त्यातलं एकेक घेऊन द्यायचं, अशी ती योजना. यादी लिहून घेणारी मुलगी पहिल्याच ओळीवर थबकली.

"पाळणे पाच?"

"पाच."

"बाबागाड्या पाच, अंघोळीचे टब पाच... अय्या! पाच बाळं आहेत?"

"एकच आहे. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"मग बाळ एकच कसं चालतं?"

यावर नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. मग बायकोनं यादीतली पुढची ओळ सांगितली.

वस्तू आल्या. बाबागाडी वाळूसकट जिन्यावरून चाळीस वेळा सुखरूप उतरली. एकेचाळिसाव्या वेळी चाक आधी पोचलं. टब नऊ दिवस भरून ठेवला, दहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ छत्री घेऊन वर आले. मग हळूहळू एक अडचण लक्षात आली. जी वस्तू पुरती तपासली ती मोडली होती, आणि जी मोडली नव्हती ती पुरती तपासलेली नव्हती. दोन्ही प्रकार बाळासाठी अयोग्य होते.

बाळ वेळेवर आलं. मुलगी, दोन किलो नऊशे. आईबाप चिंतेत पडले. वाळूपेक्षा अर्धा किलो कमी. शिवाय ही हलत होती, वाळू हलली नव्हती. म्हणजे सगळ्या चाचण्या पुन्हा करणं आलं. तोपर्यंत मुलीला धुण्याच्या टोपलीत निजवलं. टोपली यादीत नसल्यामुळे तिच्याविषयी कुणाला शंका आली नव्हती.

दोन महिन्यांनी नवऱ्याची धाकटी बहीण आली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि यादीतले पाळणे तिच्याच वाट्याला आले होते.

"दादा, पाच पाळणे घेऊन दिले मी, आणि माझी भाची मोज्यांच्या टोपलीत?"

"चार मोडले."

"आणि पाचवा?"

"तो तपासलेला नाही."

"मग तपास की."

"तपासला तर मोडेल."

"वहिनी, तू तरी शहाणी आहेस ना गं?"

वहिनीनं वही उघडली. "चारही पाळण्यांची डावी कडी पंधराशे नव्वद ते सोळाशे चाळीस झोक्यांत सुटली. ही दिवसाला तीनशे वीस तरी झोके घेईल."

नणंदेनं मनातल्या मनात भागाकार केला. तिचा आवाज उतरला. "पाच दिवस. अगं, आमच्या शाळेतल्या दोघींनी हाच घेतलाय. दादा, तू तिथे असताना?"

तेवढ्यात फोन वाजला. दादाचे दोन्ही हात दुपटं पिळण्यात गुंतले होते, म्हणून बायकोनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"अहो, ती पाळण्याची फाइल," साहेब म्हणाले. "नऊ महिने झाले. आता मुदतवाढ नाही. आज काय ते सांगून टाका."

"साहेब, मी घरी थोडं बघितलंय—"

"नापास का? मग अकरा रकान्यांचं कारण लिहा आणि मोडलेले नमुने जोडा. घरी चाचण्या कुणाच्या परवानगीनं केल्या तेही लिहा. शिवाय तात्पुरते दाखले नऊ वेळा कुणी दिले, याचा खुलासा."

"आणि पास असेल तर?"

"पासला कारण लागत नाही."

 नणंद भावाकडे बघत राहिली. बायकोनं मुलीला उचललं, टोपलीत मऊ बाजू वर करून टॉवेल घातला, तिला पुन्हा नीट निजवलं आणि नवऱ्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली, "आपण कुठे वापरतोय तो?"

नवऱ्यानं दुपटं पुन्हा एकदा पिळलं. त्यात आता पाणी उरलं नव्हतं. मग घसा साफ करून तो फोनकडे वाकला.

"पास, साहेब."