दोघांत एक चेंडू

पहिला होल

"त्याला सांग, वारा डावीकडून आहे," फर्गस म्हणाला.

मोरॅगने यूअनकडे पाहिलं. यूअन दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि त्याच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "वारा डावीकडून आहे म्हणे."

"त्याला सांग, मला कातडी आहे. कळतो मला वारा."

"त्याला कातडी आहे."

"अजून आहे का? मला वाटलं तीही लीगला विकली."

हे सांगायचं की नाही, हे मोरॅगला ठरवता येईना. यूअनने तिचा त्रास वाचवला. त्याला आपसूक ऐकू आलं होतं.

तीन वर्षांपूर्वी यूअन गिल्क्राइस्ट गोल्फची जुनी टूर सोडून नव्या लीगमध्ये गेला. तिथे चाराऐवजी तीनच दिवस खेळायचं, अर्ध्या चड्डीत खेळायचं आणि मैदानभर गाणी लावलेली. पैसा इतका की आकडा सांगताना तो स्वतःच लाजायचा. थोरला फर्गस टूरमध्येच राहिला, लांब पँटीत, आणि एका वर्तमानपत्राला म्हणाला, "मला भाऊ नाही." आईने ते सकाळच्या चहाबरोबर वाचलं.

तेव्हापासून किलड्रेनन गावातल्या त्यांच्या घरात ख्रिसमसचं जेवण दोन पाळ्यांत होई. दुपारी फर्गस, संध्याकाळी यूअन. भांडी दोन्ही वेळा बहिणीकडे, मोरॅगकडे. यंदा मात्र आईने हात टेकले.

"दोनदा टर्की, दोनदा बटाटे, आणि त्याच शिव्या दोनदा ऐकायच्या. मी अ‍ॅबर्डीनला बहिणीकडे जाते. एका टेबलावर बसणार असतील तर थांबते, नाहीतर तुम्ही आणि तुमचे बटाटे."

म्हणून मोरॅगने युक्ती केली. गावच्या क्लबात दर ऑक्टोबरला त्यांच्या वडिलांच्या नावाचा करंडक असतो, घरच्याच दोघांच्या जोड्यांचा. तिने फर्गसला सांगितलं, "तुझ्या जोडीला मी." यूअनलाही तेच सांगितलं. दोघं आले, एकमेकांना पाहून परत फिरले आणि मागे उभ्या असलेल्या आईवर आदळले. आईने घडीची खुर्ची आणली होती. तिने ती नुसती उघडली. मोरॅगच्या वाट्याला दोघांच्या बॅगा ओढायचं, म्हणजे कॅडीचं काम आलं.

आता घोळ असा की या करंडकात जोडीला चेंडू एकच असतो. एक फटका याने मारायचा, पुढचा त्याने. पहिल्या होलची सुरुवात फर्गसची, दुसऱ्याची यूअनची, असं आळीपाळीने अठरापर्यंत. पाळी चुकली की तो होल गेला.

दुसरा होल

भावाशी अबोला धरून एका चेंडूने खेळणं म्हणजे काय, हे इथे कळलं. यूअनने चेंडू काटेरी झुडपांत घातला. आता तिथे शिरायचं होतं फर्गसला.

"त्याला विचार, मुद्दाम केलं का?" झुडपातून आवाज आला.

"त्याला सांग, मुद्दाम केलं असतं तर समुद्रात घातला असता."

यंदा समोर एकच जोडी होती, आर्ची खाटीक आणि त्याची बायको नेट्टा. हौशी म्हणून त्यांना थोड्या फटक्यांची सूट होती. झुडपातून बाहेर आलेल्या फर्गसची पँट पाहून नेट्टा म्हणाली, "चड्डी घातली असतीस तर एवढं नुकसान झालं नसतं, बाळा."

तिसरा, चौथा, पाचवा

कोणी बोललं नाही. समुद्र होता.

सहावा होल

खेळताना फोन बघायचा नाही असा क्लबचा नियम आहे, म्हणून आर्ची पिशवीत तोंड घालून बघत होता.

"अरे, झालं की तुमचं! टूर आणि लीग एक होणार. दोघांच्या साहेबांनी मिठी मारली."

"कुणी कुणाला?" दोघं भाऊ एकदम म्हणाले.

आर्चीने फोटो दाखवला. दोन टकलं एकमेकांच्या खांद्यावर विसावली होती.

फर्गसने एका टकलावर बोट ठेवलं. "या माणसाने मला सांगितलं होतं, त्या लोकांबरोबर चहासुद्धा पिऊ नकोस. मी प्यायलो नाही. तीन वर्षं!"

"आणि आमचा म्हणाला होता, परतीचा पूल जाळून ये," यूअन म्हणाला. "मी जाळला. हे बघ, तुझ्या साहेबाचे डोळे मिटलेत. लाड करून घेतोय."

'हे बघ.' हे मोरॅगमार्फत आलेलं नव्हतं.

नववा होल

"मोडलं," आर्ची म्हणाला. "वकिलांनी मोडलं."

यूअन फर्गसला गुडघ्याचं काहीतरी विचारत होता. तो अर्ध्यात थांबला. फर्गसने टोपी खाली ओढली.

"मोरॅग, त्याला सांग, लोखंडी काठी दे म्हणावं."

"काठ्या माझ्याकडेच आहेत रे!"

"मग तूच दे. त्याला सांगू नकोस."

बारावा होल

"मोडलं नाही म्हणे. लांबलंय," आर्ची म्हणाला. "चर्चा सकारात्मक आहे."

"म्हणजे नक्की काय?" फर्गस वैतागला. "मी याच्याशी बोलायचं की नाही?"

आर्चीने बोटाने खालपर्यंत सरकवत बघितलं. "त्याचं काही लिहिलेलं नाही."

"वर काही आहे का?"

"वर जाहिरात आहे."

भावांनी मध्यम मार्ग काढला. एकमेकांशी बोलायचं, पण समुद्राकडे बघून.

"पट जरा जोरात मार," चेंडू भोकाकडे ढकलायची वेळ आली तेव्हा फर्गस समुद्राला म्हणाला.

समुद्राच्या वतीने यूअन म्हणाला, "मारतो."

चौदावा होल

नेट्टाने फोन हिसकावून आपल्या पिशवीच्या तळाशी टाकला आणि वर सँडविचचा डबा ठेवला. "टूर गेली खड्ड्यात आणि लीगही गेली. माझा नवरा दोन होलपासून चेंडूऐवजी जमीन खणतोय."

आता बातमी नाही. दोघं भाऊ वारा पडलेल्या निशाणासारखे उभे राहिले. भांडायचं की नाही हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

"गुडघा कसा आहे?" यूअनने विचारलं, चेंडूकडे बघून.

"उतारावर दुखतो."

"पावसात चार-चार दिवस चालशील तर काय होणार?"

"तू बोलू नकोस. तुझ्याकडे गाणी लावतात म्हणे, पट मारताना."

"अरे, परवा नेमका पट मारताना ढोल सुरू झाला. माझा हात ढोलाच्या ठेक्यावर गेला. चेंडू थेट प्रेक्षकांत."

फर्गस हसायचं नाही असं ठरवून हसला. त्यामुळे ते हसू नाकातून निघालं.

मग धरणच फुटलं. पंधराव्यावर साहेबांची नक्कल झाली, सोळाव्यावर एकमेकांचे जुने फटके निघाले आणि सतराव्यावर यूअनने फर्गसला चक्क ढकललं. मोरॅग मागून गाडा ओढत होती आणि एकही शब्द खाली पडू देत नव्हती.

अठरावा होल

सामना बरोबरीत होता. आर्ची आणि नेट्टा सूट धरून पाचात आटोपले. गिल्क्राइस्ट चारात आले की करंडक त्यांचा.

सुरुवात यूअनची. दुसरा फटका फर्गसचा, सुंदर, थेट हिरवळीवर. तिसरा यूअनचा, लांबलचक पट. चेंडू भोकाच्या काठाशी येऊन थबकला. वीतभरही अंतर नव्हतं. एखाद्या आजीने काठीने टेकवला तरी आत गेला असता.

"आठवतं?" फर्गस सांगत होता. "बाबा इथेच चुकले होते आणि म्हणाले, भोक हललं."

"भोक हललं!" यूअन हसत पुढे गेला, आणि हसता हसता त्याने चेंडू आत ढकलला.

फर्गसचा हात काठीसाठी अजून पुढे केलेलाच होता.

"बाळा," नेट्टा अगदी मायेने म्हणाली, "पाळी त्याची होती ना रे?"

होल गेला. सामना गेला. वडिलांचा करंडक खाटकाकडे गेला.

दोघं भाऊ एकमेकांकडे वळले. मग दोघं मोरॅगकडे वळले.

"तू काय करत होतीस?" यूअन ओरडला.

"पाळी बघायचं काम कॅडीचं असतं!" फर्गस ओरडला.

"एक काम दिलं होतं हिला!"

"एकच!"

"लहानपणापासून अशीच!"

"अगदी अशीच! बोटीत वल्हं घ्यायला विसरली होती, आठवतं?"

"तुझंच नाही, माझंही विसरली होती."

"चुकलं माझं," मोरॅग म्हणाली. तिला तोंड पाडून उभं राहायचं होतं, पण ते जमेना.

"हसतेय बघ!"

"हे मी ख्रिसमसला टेबलावर सगळ्यांसमोर काढणार आहे," फर्गस म्हणाला.

"मी काढणार. तुला नीट सांगता येत नाही. तू मुद्द्याचं विसरतोस."

"मग तू सुरुवात कर. मी मधे मधे बोलेन."

दोघं हातवारे करत क्लबाकडे चढू लागले. दोन्ही बॅगा तिच्याकडेच राहिल्या. खुर्चीपाशी आईने तिला थांबवलं.

"मुद्दाम केलंस ना गं?"

"नाही गं आई. मी खरंच बघत नव्हते. ऐकत होते."

आईने मान डोलावली, खुर्ची मिटली, कोटातून फोन काढला आणि अ‍ॅबर्डीनला लावला.

"हां, मी बोलतेय. नाही गं, ख्रिसमसला नाही जमायचं मला. घरात फार भांडण चाललंय."