तक्रार क्रमांक दोनशे बारा

आमच्या चारकोपच्या सोसायटीत परबकाकांची बेल वाजवली, की आधी दाराचं भिंग काळं होतं. मग आवाज येतो, "कोण?"

"काका, मी. शेजारची अश्विनी."

"कशावरून?"

काकांचा उभा जन्म टेलिफोनच्या तक्रार विभागात गेला. समोरचा खोटं बोलतोय, हे धरूनच ते फोन उचलायचे. निवृत्त काका झाले, संशय नाही.

आम्ही काही जण फावल्या वेळात मोबाईलवर मराठी लिहायचा कीबोर्ड बनवतो. फुकट, सगळ्यांसाठी खुला. चुका नोंदवायला इंटरनेटवर ट्रॅकर आहे. प्रत्येक तक्रारीला नंबर मिळतो, कुणीतरी ती आपल्या नावावर घेतो, काम झालं की नोंद बंद. हे ऐकून काकांचे डोळे बारीक झाले.

"फुकट करतत? ह्यात कायतरी गोम आसा!"

गोम शोधायला म्हणून ते ट्रॅकरवर शिरले आणि पहिलीच तक्रार ठोकली, दोनशे बारावी. 'तऱ्हा' लिहिलं की भलतंच उमटतं. ती मीरा नावाच्या मुलीने घेतली. आम्ही कुणीच तिला पाहिलेलं नव्हतं. तिच्या फोटोच्या जागी कावळा होता.

काकांनी लगेच विचारलं, "आपण खरोखर मीरा का?"

तिने उत्तर दिलं, "आज तरी आहे."

झालं! रोज उलटतपासणी. ती मात्र रोज दुपारी चारला न चिडता उत्तर द्यायची. आणि एक दिवस गप्प झाली. तीन आठवडे गेले. कामं वाटून देणाऱ्या विनायकने तिचं नाव काढून काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. काका तडक माझ्याकडे.

"शेवटच्या निरोपात तिच्या तीन चुका आसत. ही पोरगी वेलांटी चुकत नाय. तिका मेल टाक."

मला वाटलं, चोर पकडल्याचा आनंद हवाय यांना. तरी टाकली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मीराची आई गेली होती. 'तुम्हाला काय सांगायचं? आपली ओळख कामापुरती,' असं तिने लिहिलं होतं.

काकांनी ते दोनदा वाचलं. "आमची ही गेली तेव्हा मीय हापिसात कोणाक सांगूक नाय. वाट बघत रवलंय, कोण विचारता काय."

मग ट्रॅकरवर त्यांनी लिहिलं, "मीराला सवड हवी आहे. तिचं नाव काढू नये. कारण विचारू नये."

त्यानंतर रोज दुपारी त्या नोंदीखाली काकांची एकच ओळ, "जेवलात का?" विनायकचा मला फोन, "हा काय प्रकार आहे यार?" म्हटलं, राहू दे रे.

अकराव्या दिवशी खाली मीराची ओळ उमटली, "आज वरणभात केला. मीठ जास्त झालं."

काका फोन घेऊन माझ्या दारात आले. ती ओळ मला दाखवली. मग हळूच म्हणाले, "वरणात मीठ जास्त झाला तर काय करतत गो? आमच्या हिका विचारूचा रवानच गेला."