ब्रनोची गाडी फलाटावर

गेलं वर्षभर आमच्या समोरचे गुणवंतराव रोज सकाळी दुधाची पिशवी उचलायला फाटकाशी यायचे, घसा खाकरायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. ब्रनो शहरात आज ढगाळ हवामान असून पावसाची शक्यता आहे. प्रवाशांनी छत्री सोबत ठेवावी."

हे अकोल्यात. एप्रिल महिन्यात. तारेवरचा कावळा चोच उघडी टाकून बसलेला, आणि हे छत्री सांगत उभे.

गुणवंतराव बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर माइक गेला, आवाज राहिला. एरवी बोलतात ते अस्सल वऱ्हाडी; पण काही जाहीर करायचं म्हटलं की त्यांची भाषा एकदम सरकारी होते. नोकरीत होते तेव्हा माझ्या मुलाच्या लग्नातल्या पंगतीही त्यांनीच पुकारल्या. "पहिली पंगत मांडवात लागलेली आहे. दुसऱ्या पंगतीच्या प्रवाशांनी घाई करू नये." लोक खरंच रांगेत उभे राहिले होते.

ब्रनो हे चेक नावाच्या देशातलं शहर. तिथे गुणवंतरावांचं कोणी नव्हतं. त्यांना मूलबाळ नाही, पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. तिथे होती माझी नात, केतकी. एका वर्षासाठी तिथल्या विद्यापीठात शिकायला गेली होती.

हे सांगणं भाग आहे, कारण गल्लीत अजूनही लोक समजतात की बायको गेल्यापासून गुणवंतरावांच्या डोक्यावर परिणाम झाला. हे बोलणं सुरू केलं मी. त्यांना 'ब्रनो डेपो' हे नावही मीच ठेवलं. जन्मभर वकिली केलेल्या माणसाने ठेवलेलं नाव लवकर पुसलं जात नाही.

केतकीसाठी मी शेंदूरजनाघाटचं स्थळ आणलं होतं. संत्र्याच्या बागा, माणसं चांगली. केतकी म्हणाली, "नाना, एक वर्ष शिकून येते, मग बघू." ते लोक थांबायला तयार नव्हते. शब्द मी दिलेला. मान खाली गेली ती माझी. अमरावतीला मुलाला बजावलं, या घरात त्या पोरीचं नाव काढायचं नाही, आणि तिच्याशी फोनवर मी बोलणार नाही. निघायच्या दिवशी तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

त्यानंतर गुणवंतराव रोज माझ्या ओट्यावर येऊन बसू लागले. "माह्या घरी रेंज नाही येत, वकीलसाहेब," म्हणायचे आणि मोठ्याने फोन लावायचे. रस्ता ओलांडल्यावर रेंज कशी येते, हा प्रश्न मला पडला नाही. साक्षीदारांना उलटसुलट विचारण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तो पडायला हवा होता.

फोन झाला की मला अहवाल. मी पेपरमागे.

"तिथली ट्राम एक मिनिट लेट नाही होत. डायवर मधात चायले उतरतच नाही. कसे जगून राह्यले हे लोकं?"

मी पान उलटलं.

हिवाळा आला तसा तिकडच्या लोकांनी घड्याळाचा काटा तासभर मागे घेतला. गुणवंतरावांच्या बैठकीत ब्रनोच्या वेळेचं एक घड्याळ होतं. त्यांनी खुर्चीवर चढून ते मागे केलं, पण दिवसभर अस्वस्थ होते. "सरकारच घड्याळ मांगं करून राह्यलं, तर गाडी लेट झाली कोनाले म्हनाव?"

मग जून आला. आमच्याकडे तापून गेलं होतं, आता ब्रनो तापलं. ओट्यावर फोनमधून केतकीचा आवाज आला, "आजोबा, इथे छत्तीस झालंय. हॉस्टेलला पंखासुद्धा नाही. सगळे हैराण आहेत."

"छत्तीस?" गुणवंतराव इतके हसले की फोन हातात हलला. "पोरी, छत्तीसले आपल्या इथं लोकं गोधडी शोधतात."

आता मात्र ब्रनो शहर त्यांच्या अधिकारात आलं. "खिडकीले वली चादर बांध. जाड बांध. वाळली का पुन्हा पानी मार. बाहीर जातानी डोक्याले फडकं बांध, कान झाक. अन् खिशात कांदा ठेव."

"कापून ठेवू का?"

"काप ना."

माझ्याने राहवलं नाही. "अख्खा," मी पेपरला म्हणालो. "कापला तर वास मारेल. वर्गात कोणी जवळ बसायचं नाही."

केतकीने हळूच विचारलं, "आजोबा, कोण बोललं?"

गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "पेपरात आलं आहे," ते म्हणाले. "कांदा अख्खा ठेवावा."

"बरं. पेपरला सांगा, ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत जाहीर झालं, "ब्रनो शहरात कांद्याला चांगली मागणी असून वसतिगृहातील सर्व प्रवासी सुखरूप आहेत."

वर्ष संपलं, केतकी आली. अमरावतीला सामान टाकून सरळ अकोल्याला. यावेळी पेपर मी आधीच घडी करून ठेवला होता. नमस्कार करून ती म्हणाली, "नाना, दाढ काढल्यावर आता भाकर चावता येते ना? आणि इथल्या माझ्या खोलीतलं कूलरचं गवत तुम्ही कशाला बदललंत? मी नव्हतेच ना उन्हाळ्यात."

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"कंट्रोलर आजोबा सांगायचे," ती म्हणाली. "'प्रवाशांनी लक्ष द्यावे, नाना आज दीड भाकर जेवले.' मी गेले त्याच आठवड्यात मला म्हणाले, 'तुहा आजा हट्टी आहे, तो विचारनार नाही. तू मले सांगत जाय. मी त्याले आयकू जाईल असं बोलत जाईन.'"

केतकी अमरावतीला परत गेली, त्या सकाळी मी रस्ता ओलांडून गुणवंतरावांकडे गेलो. बैठकीत ते एकटे बसले होते. पुढे दोन कप. भिंतीवरचं घड्याळ अजून ब्रनोच्याच वेळेवर.

"आता तिकडे कोणी नाही, गुणवंतराव. घड्याळ बदला."

"राहू द्या," ते म्हणाले. "आपले साडेदहा वाजले का तिथं सात वाजे. पोरगी उठे, अन् मी तुमच्या ओट्यावर येऊन फोन लावो. म्हनून मी आधीच चाय पिऊन तयार राहो. आता चाय होते, साडेदहा होतात, अन् पुकाराले गाडीच नाही." मग एक कप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सवय आहे. जाईल हळूहळू."

ती सवय जाऊ नये, अशी व्यवस्था मी केली आहे. रोज साडेदहाला मी माझ्या ओट्यावरून त्यांना फोन लावतो. घर समोरच असल्यामुळे ते लगबगीने फोन उचलताना मला खिडकीतून दिसतात. त्यांच्या घरात रेंज उत्तम येते.

"काय गुणवंतराव," मी विचारतो, "ब्रनोत आज काय?"

समोरच्या खिडकीत ते ताठ बसतात आणि घसा खाकरतात.