कानाचा रिपोर्ट फुटला

रिठदच्या रामरावांना दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, असं घरात सगळे समजत. खरं तर फक्त एक आठवडा येत नव्हतं. सोयाबीन काढताना मळणीयंत्राचा भुसा कानात गेला, मळाचा गोळा झाला आणि जग एकदम मुकं झालं. त्या आठवड्यात रामरावांच्या लक्षात आलं, की आपल्याला कोणी दळण आणायला पाठवत नाही, भांडण मिटवायला बोलावत नाही आणि बायको तुळसाबाई दिवसभर बोलल्या तरी उत्तर द्यावं लागत नाही. डॉक्टरांनी मळ काढून टाकला. बहिरेपण मात्र रामरावांनी ठेवून घेतलं.

सून ज्योत्स्ना गावात ई-सेवा केंद्र चालवायची. तिला राहवेना. तिनं वाशीमच्या एका खाजगी कान तपासणी केंद्रात त्यांचं नाव नोंदवलं. रामराव एसटीनं एकटेच गेले. काचेच्या खोलीत बसवून "आवाज आला की बटण दाबा" म्हटल्यावर त्यांना खेळच वाटला. मुंगी चालल्यासारखा आवाज आला तरी त्यांनी बटण दाबलंच. "काका, कान तर विशीतल्या पोरासारखे आहेत!" तिथली मुलगी म्हणाली. मोबाइलवर आलेला रिपोर्ट रामरावांनी परतीच्या गाडीतच पुसला आणि घरी सांगितलं, "नसा सुकल्या म्हनते. इलाज नाई."

ज्योत्स्नानं हळहळून त्यांच्या फोनचा स्पीकर कायमचा मोठा करून दिला.

मग एके सकाळी त्या केंद्राचा मेसेज आला. ज्योत्स्नानं तो रामरावांच्या कानाशी ओरडून वाचला. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी घुसलं होतं. रुग्णांची नावं, फोन नंबर आणि रिपोर्ट परक्यांच्या हाती गेले असण्याची शक्यता होती. कंपनीला खेद होता.

"म्हंजे यायचं बहिरेपन चोरीले गेलं?" तुळसाबाईंनी विचारलं.

"रिपोर्ट चोरीले गेला, आई."

"बहिरेपनच नेलं असतं तं बरं झालं असतं."

ज्योत्स्ना कामाला लागली. पासवर्ड बदलला, मेसेज जपून ठेवला आणि सासऱ्यांना बजावलं, "मामाजी, कोनालेई ओटीपी सांगू नोका! भरपाई देतो म्हनलं तरी नाई!" रामरावांनी कानामागे हात धरून मान हलवली. हे प्रकरण इथंच विझावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण ज्योत्स्ना स्वयंपाकघरात जाऊन हळूच सासूला म्हणाली, "कंपनीकून आख्खा रिपोर्टच मागवते. काय काय फुटलं ते समजन. मंग भरपाई मागू. नाई आयकलं तं ग्राहक मंच हायेच."

"नोको!" ओसरीवरून रामराव ओरडले.

तुळसाबाईंनी दारातून डोकावलं. "काय नोको?"

"च्या," रामराव कसेबसे म्हणाले. "च्या नोको मले."

त्यांचा आल्याचा चहा शेजारचे शेषराव त्यांच्यासमोर बसून फुरफुर करत प्याले.

तेवढ्यात रामरावांचा फोन वाजला आणि त्यांनी उचलायच्या आत ज्योत्स्नानं मदत म्हणून बटण दाबलं. स्पीकर सुरूच होता.

"रामरावजी बोलतात का? तुमची माहिती फुटली ना, त्याची भरपाई मंजूर झाली आहे. फक्त एक ओटीपी सांगा."

"तुमी कंपनीचेच कायवरून?" ज्योत्स्नानं दरडावलं.

"विश्वास नसेल तर रिपोर्टच वाचतो, मॅडम. दोन्ही कान उत्तम. ऐकण्याची शक्ती वयाच्या मानानं असाधारण. मशीनची गरज नाही."

ज्योत्स्नानं फोन कापला आणि सवयीनं लगेच सायबर तक्रारीचा १९३० नंबर लावायला घेतला. पण तिचे डोळे सासऱ्यांवरच होते.

"चोट्टा हाय थो. त्याचं काय खरं मानता?" तुळसाबाई ठामपणे म्हणाल्या. मग पाठ फिरवून, अगदी कुजबुजत शेषरावांना म्हणाल्या, "भाऊजी, यायच्या खांद्यावर पाल पडली वाट्टे."

रामराव खाटेवरून थेट अंगणात गेले. शर्टही अर्धा निघाला होता.

शेषरावांना ठसका लागला. तुळसाबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताट यायचं, पाणी यायचं, बोलणं यायचं नाही. "वांगं झकास झालं आज," रामराव म्हणाले. उत्तर नाही. "तुह्या गुडघ्याचं कसं काय?" उत्तर नाही. रात्री घड्याळाची टिकटिक आपल्याला इतकी स्पष्ट ऐकू येते, याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला. दोन वर्षं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलेलं ते बोलणं घरात नसलं, की घर बंद पडलेल्या गिरणीसारखं वाटतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी ज्योत्स्ना कंपनीला तक्रार लिहायला बसली.

"मामाजी, पैसे तं वाचले. पन रिपोर्ट फुटल्यानं आपलं नुकसान काय झालं, थे लिवा लागते. काय लिवू?"

रामरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत तुळसाबाई पाठमोऱ्या बसून गहू निवडत होत्या.

"लिव," ते खोल आवाजात म्हणाले, "घरात लय शांतता झाली."

सुपातला हात थांबला. तुळसाबाईंची पाठ हलली, पुन्हा हलली आणि शेवटी तोंडावर पदर लावूनही हसू बाहेर फुटलंच.

"कंपनी काय देते त्याची भरपाई!" त्या म्हणाल्या. "इकडे या. गहू निवडा. अन् मी काय सांगून राह्यली थे आयका."

रामराव आत जाऊन मुकाट्यानं सुपाशी बसले. तुळसाबाईंनी गेल्या दिवाळीपासून सुरुवात केली. दुपार टळली तेव्हा त्या होळीपर्यंत आल्या होत्या आणि रामराव मधेमधे विचारत होते, "मंग? मंग थे काय म्हनली?"