मावशींचं मंगळवारचं विमान

आमच्या शेजारच्या सुमनमावशी वर्तमानपत्राला इस्त्री करायच्या. रोजच्या नव्हे, अमेरिकेतून आलेल्या.

ऐंशीच्या दशकातली डोंबिवली. कुणाचा ना कुणाचा मुलगा अमेरिकेहून सुटीवर यायचा आणि त्याच्या बॅगेतल्या काचेच्या वस्तू तिकडच्या पेपरात गुंडाळलेल्या असायच्या. बातमी लागताच मावशी हजर. “चॉकलेटं तुम्हीच खा, मला तो कागद द्या.” मग त्यावर कोमट इस्त्री फिरवून त्यातल्या विमानांच्या जाहिराती वाचायच्या आणि अमेरिकेहून युरोपला जाणारं सगळ्यांत स्वस्त तिकीट शोधायच्या.

स्वतःचा लांबचा प्रवास म्हणजे अंगारकीला टिटवाळा. पण न्यूयॉर्कहून कसं निघावं, हे तोंडपाठ. “सरळ विमान घेतो तो वेडा. आइसलँडवरून जायचं, लक्झेंबर्गला उतरायचं, पुढे बस. आणि मंगळवारी निघायचं, शनिवार-रविवारी भाव चढतात.” बाबा नाशिकला लग्नाला निघाले, तर त्यांनाही मावशींनी मंगळवार सुचवला.

“अहो, लग्न रविवारी आहे.”

“मग चुकलंच त्यांचं,” मावशी म्हणाल्या.

त्यांचा सतीश न्यू जर्सीत आणि मीना फ्रँकफर्टजवळ. मीनाने तिथल्याच एका जर्मन मुलाशी लग्न केलं आणि सतीशचं डोकं फिरलं. न्यू जर्सीत बसून हा डोंबिवलीतल्या घराण्याची अब्रू सांभाळत होता! लग्नाला गेला नाही, बहिणीशी बोलणं टाकलं. मावशींनी फार धोशा लावला तेव्हा कळवलं, “आई, तिकिटं फार महाग आहेत गं.”

ही थाप आमच्या अख्ख्या मजल्याला कळली. मावशींना कळली नसेल? पण त्यांनी ती खरी धरली. दरवर्षी गणपती झाले की सतीशला एरोग्राम, म्हणजे परदेशी टपालाचं घडीचं पत्र, जायचा. त्यात मार्ग, वार, भाव आणि खाली एक ओळ, “भाऊबीज नेमकी स्वस्ताईत येते बघ.” सतीश उत्तरात तब्येतीची चौकशी करायचा. मला त्याचा भारी राग यायचा. तिकडे मीना दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळत होती.

सात-आठ वर्षं हे चाललं. मग एका वर्षी अमेरिकेहून आमच्याकडे कुणी आलंच नाही. एरोग्रामवर मावशींनी एवढंच लिहिलं, “यंदा मला स्वस्त तिकीट सापडलं नाही रे.”

दिवाळीनंतर महिन्याभराने जर्मनीहून पाकीट आलं. मावशींनी मला हाक मारली. फोटोत सतीश स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होता, टोपी नाही म्हणून डोक्यावर हातरुमाल, आणि मीना त्याला ओवाळत होती. मावशींनी सोबतचं पत्र दोनदा वाचलं.

“गाढव! शनिवारी निघाला. तेही सरळ विमानाने!” असं म्हणून त्या पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या.

त्या सावरल्यावर मी म्हटलं, “मावशी, आता मुंबईचं स्वस्त तिकीट शोधा. दोघंही इकडे येतील.”

“यायचे तेव्हा येतील गं. मी काय जन्माला पुरणार आहे? मी नसेन तेव्हा त्यांना एकमेकांच्या घरची वाट माहीत हवी.”

पुढच्या उन्हाळ्यात माझी चुलतबहीण अमेरिकेहून आली. तिच्या बॅगेतला कागद मी नीट घडी घालून मावशींना नेऊन दिला. त्यांनी तो इस्त्री न करताच फडताळात डब्यांखाली अंथरला.